एक दशांश दहा

मारोतीभाऊ,

तुमच्या तेरवीला मी आले, जेवले, आणि जे सांगायला आले होते ते न सांगताच उठले. मासेमारी संस्थेची सगळी माणसं मांडवात होती. अध्यक्ष श्रावणकाका माझ्या समोरच्याच पंगतीत बसले होते. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणजे जे काय सांगायचं ते मला ओरडून सांगावं लागलं असतं आणि अख्ख्या मांडवाने ऐकलं असतं. हेच कारण मी मनाशी पुढे केलं आणि भात कालवत बसले. एरवी माझं तोंड किती चालतं, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

हात धुतल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. भिंतीवर तुमचा फोटो होता, आधार कार्डावरचा मोठा केलेला. त्यात तुम्ही कुणावर तरी रागावल्यासारखे दिसता. तुम्हाला मी तसं कधी पाहिलं नाही, आणि पाहायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. वहिनींनी आवाज खाली आणून विचारलं, "ताई, तुमच्या त्या इंटरनेटवर याइचं नाव आहे म्हनतेत. मासोळ्या मेल्या त्या कामावर. ते पुसता येते का?"

मी म्हणाले, बघते. गेली दोन वर्षं मी ज्याला त्याला 'बघते' म्हणते आहे.

एसटीत बसले आणि मूल गावचा स्टँड येईपर्यंत मला तुमची पहिली तक्रार आठवत राहिली. 'पाळी' मी तुमच्यासाठी केलंच नव्हतं. ते केलं होतं आरमोरीच्या मावशीसाठी. उन्हाळी धानाला तलावाचं पाणी पाळीपाळीने सोडतात. कोणाच्या बांधीत कोणत्या दिवशी किती तास, यावरून तिच्या गावात रोजची कुरबुर होती, म्हणून मी मोबाईलवर ती यादी लावून देणारं लहानसं ॲप लिहिलं. ते इंटरनेटवर उघडं ठेवलं. कोणीही घ्यावं, आतून पाहावं, चूक दिसली तर दाखवावी. चूक दाखवायला कोणी येईल असं वाटलं नव्हतं. तर तुमच्या तीन ओळी आल्या. 'गेट खोलाचं सांगते, बंद कराचं काऊन नाई सांगत? खाली मासोळ्या आहेत.' मी भद्रावतीची, शिकलेली, नागपूरच्या कंपनीचं काम घरून करणारी. मी उत्तर लिहिलं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. तुम्ही लिहिलंत, 'नोंद घेऊन मासोळी जगत नाई मॅडम.'

मी चिडले, मग हसले, मग तुमचा नंबर मागितला. तेव्हा कळलं की तुमचं घर पिढ्यान्‌पिढ्या तलावाच्या मासोळीवर जगणारं. तुम्ही सिंदेवाहीकडे धानाच्या संशोधन शेतीवर रोजंदारीला जाता आणि तिथल्या साहेबांच्या वाफ्यांच्या नोंदी टाइप करता करता कॉम्प्युटर शिकलात. आणि संस्थेत मासोळी मोजायचा काटा तुमच्या हातात. तो तुमच्या वडलांच्याही हातात होता. काटा धरणारा माणूस कुणाचाच नसावा लागतो, असं तुम्ही एकदा बोलता बोलता म्हणाला होतात. त्याचा अर्थ मला तेव्हा अर्धाच कळला.

पहिल्यांदा आमच्या घरी आलात तो दिवस आठवतो का? फॅक्टरीच्या कॉलनीत रस्ता चुकून तुम्ही दोन फेऱ्या मारल्या होत्या. मी तुम्हाला समोर बसवून अर्धा तास गिट शिकवलं, म्हणजे ॲपमधले बदल नोंदून ठेवायची पद्धत. इथे केलेला प्रत्येक बदल नोंदला जातो, कोणी केला, कधी केला, कशासाठी केला. जुनं काहीच नाहीसं होत नाही. मग टॅग. काम एका ठिकाणी येऊन लोकांच्या हाती द्यायच्या लायकीचं झालं, की त्या अवस्थेला एक नाव बांधायचं. १.८, १.९ असं. पुढे काम कितीही बदलो, ते नाव धरून माणूस बरोबर त्या ठिकाणी परत येऊ शकतो. आणि तो टॅग कोणी बांधला, त्याचंही नाव त्यावर राहतं. हे सगळं मी वहीत बाण काढून समजावलं. तुम्ही चहा संपवलात, कप पालथा घातलात आणि म्हणालात, "ताई, टॅग म्हंजे मले नको शिकवू. वीस वर्सं झाली, मी टॅगच बांधून राह्यलो."

आणि मग तुम्ही मला शिकवलंत. दोन वाणांचा संकर केला की त्या लोंबीला दोऱ्याने लहानसा टॅग बांधतात. कशाचा कशाशी केला, कधी केला, कोणत्या हाताने केला. वाऱ्यापावसात टॅग गळतात. गळलेला टॅग अंदाजाने परत बांधायचा नाही, ती लोंबी कितीही भरलेली असो, टाकून द्यायची. आणि शेजारची लोंबी जास्त चांगली दिसते म्हणून बांधलेला टॅग सोडून तिला लावायचा नाही. साहेब असो की मजूर, हा नियम सगळ्यांना. मला हे इतकं आवडलं की पुढे मी ते जिथे तिथे सांगत सुटले. दोन-तीन ठिकाणी तर तुमचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

तुमच्या नोंदींवरून मी तुम्हाला किती बोलले आहे. बदल काय केला आणि का केला, एवढंच लिहायचं असतं. तुम्ही लिहायचात, 'आज धूप लय होती. जलाशय पातळी काढून पाणी कुठवर आहे असं लिवलं.' किंवा, 'धानाचा रोवणा चालू आहे म्हनून दोनच शब्द बदलले.' मी म्हणायचे, भाऊ, ऊन-पाऊस इथे लिहीत नाहीत. तुम्ही हो म्हणायचात आणि पुढच्या नोंदीत पुन्हा आभाळ आलेलं असायचं. तेरवीहून आल्यापासून मी त्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचते आहे. माझ्या नोंदींत कुठेच काही नाही, नुसतं दुरुस्त केलं, दुरुस्त केलं. तुमच्या नोंदींवरून मला सांगता येतं की कोणत्या वर्षी थंडी उशिरा आली आणि कधी वहिनींचा गुडघा दुखत होता. तुम्ही ऐकलं नाहीत हे फार बरं केलंत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

मासोळीच्या रेघेचं काम सर्वस्वी तुमचं होतं. गेटच्या पायरीवर लाल रंगाची रेघ. पाणी तिथवर उतरलं की गेट बंद, मग कोणाची पाळी राहिलेली असो. त्या रेघेवर शेतकऱ्यांना आणि मासेमारांना एकत्र आणायला तुम्ही वर्षभर शाळेच्या व्हरांड्यात माणसं बसवलीत, शिव्या खाल्ल्यात, आणि शेवटी दोन्हीकडच्यांनी मान हलवली. मी फक्त ते ॲपमध्ये बसवलं. रेघ आली की पाळ्यांची यादी आपोआप थांबेल आणि गेट बंद करा असं सांगेल. म्हणून माझ्या मनात आलं की हा टॅग मारोतीभाऊंनी बांधावा. आजवरचे सगळे मी बांधले, हा त्यांच्या नावाने असू दे. माझ्या मनात मान द्यायचाच होता, भाऊ. एवढं तरी माझं खरं माना.

आधीचा आकडा १.९ होता. म्हणून मी जाहीर केलं की हा १.१०.

तुम्ही आधी लेखी विचारलंत. ते अजून तिथे आहे, मी काल पुन्हा वाचलं. 'ताई, १.९ नंतर १.१० कसा? आमच्या काट्यावर १.९ म्हंजे मोठी मासोळी, दोन किलोले जरा कमी. १.१० म्हंजे बारकी. लोक बारकी टाकून देतीन. २ म्हना ना.' खाली माझं उत्तर आहे. 'हा काटा नाही. टिंबाच्या आधीचा आणि नंतरचा, हे दोन वेगळे आकडे आहेत. नवानंतर दहा. जगभर असंच चालतं.' आणि मी तुमचा प्रश्न बंद केला. तिथे तशी सोय असते, एक बटण दाबलं की दुसऱ्याचा प्रश्न संपतो.

मग टॅग बांधायच्या दुपारी तुम्ही शेतीवरच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केलात. खळ्यावर सावलीत बसलो आहे म्हणालात, मागे कोणीतरी डबा वाजवत होतं. तुम्ही पुन्हा तेच विचारलंत. मला हसू आलं. मी म्हणाले, भाऊ, सगळं जग काट्यावर चालत नाही. मग मी सांगत गेले, एक, टिंब, एक, शून्य, आणि तुम्ही एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करत गेलात. शेवटचं बटण दाबायच्या आधी तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "पक्का ना, ताई?"

मी म्हणाले, पक्का. तुम्ही दाबलंत. टॅगवर तुमचं नाव लागलं.

पुढे जे झालं ते तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, यात लपवण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे नेटवर्कचा पत्ता नसतो, फाईल एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाते. तुम्ही ती गेट उघडणाऱ्या मोरेश्वरला पाठवलीत. त्याच्या फोनवर १.९ होतंच. त्याने दोन्ही आकडे पाहिले, म्हणाला ही तर मागची आली चुकून, आणि नवी फाईल पुसून टाकली. मोरेश्वर काही येडा नाही. ज्याने जन्मात एकदा तरी मासोळी विकत घेतली आहे, त्या प्रत्येकाने तेच केलं असतं. जुनं ॲप जुन्या यादीप्रमाणे पाळ्या देत राहिलं. तुम्ही शेतीवर चाचणीच्या धानाच्या कापणीत होतात, निश्चिंत होतात, कारण रेघेला यादी थांबणार हे तुम्हाला माहीत होतं. तीन दिवस गेट उघडं राहिलं. वैशाखाचं ऊन, त्यात गाळात हातभर पाणी. चौथ्या दिवशी सकाळी बाया धुण्याला गेल्या तर कतला आणि रहू आडव्या पडलेल्या, आणि तलावाच्या बांधावर घारी बसलेल्या. वर्षभराची मासोळी होती ती. लग्नसराईत विकायची होती.

तुम्ही मला फोन केलात. १.१० चं नावही काढलं नाहीत. म्हणालात, "ताई, रेघ उघडी पडली." एवढंच.

संस्थेची बैठक झाली. तिथे कोणीतरी फोनवर ते पान उघडून सगळ्यांना दाखवलं. हा पाहा नंबर, आणि हे पाहा कोणी दिला त्याचं नाव. मारोती. छापील असल्यासारखं स्पष्ट. तुम्हाला कोणी मारलं नाही, वाळीत टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मासोळी मोजायच्या शेडमध्ये श्रावणकाकांनी काटा उचलून आपल्या बाजूला ठेवला, आणि तुम्ही आपली टोपली घेऊन बाकीच्यांच्या मागे रांगेत उभे राहिलात. हे तुम्ही मला ऊन-पाऊस सांगावा तसं सांगितलंत. नंतर घरोघर जाऊन, ज्यांनी तुमच्या हातचा काटा काढून घेतला त्यांच्याच फोनवर, हीच नवी, हीच नवी, म्हणत तुम्ही १.१० बसवून दिलंत, हे मला वहिनींकडून कळलं.

मला उपाय सुचला होता. माझ्याजवळ उपाय नेहमीच असतो. मी म्हणाले, तो टॅग मी काढून टाकते, तेच काम २ म्हणून नव्याने बांधते आणि तारीख मागची टाकते. तसं करता येतं. कुणाला कळणारही नाही. तुम्ही म्हणालात, "गळलेला टॅग अंदाजानं बांधत नाई, आन बांधलेला सोडत नाई. तूच तं सांगत असते लोकायले."

मी म्हणाले, अहो, पण आकडा तर माझा होता.

मग तुम्ही म्हणालात, "ते मले ठाऊक आहे, ताई. त्याइले नाई ठाऊक."

भाऊ, मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला टॅग हलवायला नको होता, तुम्हाला एवढंच हवं होतं की मी एकदा तुमच्या गावी यावं आणि त्यांना सांगावं. भद्रावतीहून चंद्रपूर, चंद्रपूरहून मूल, मूलहून तुमचं गाव. दोन गाड्या बदलायच्या. मी न कळल्यासारखं केलं आणि वहिनींचा गुडघा कसा आहे म्हणून विचारलं. तुम्ही सांगितलंत की बरा आहे.

का केलं असं? आधी लाज वाटली. चाळीस घरांची मासोळी माझ्या एका हट्टापायी मेली, हे त्या घरांसमोर उभं राहून म्हणायची छाती झाली नाही. मग नागपूरच्या एका कॉलेजने मला 'पाळी'वर बोलायला बोलावलं. खेड्यातल्या माणसाने स्वतः बांधलेलं रिलीज, असं ते मोठ्या कौतुकाने म्हणत होते. मी रेशमी साडी नेसून गेले आणि स्टेजवरून म्हणाले की एका गावात स्थानिक पातळीवर हाताळणीत चूक झाली, त्यातून आम्ही शिकलो. स्थानिक पातळीवर. हे शब्द मला कुठून सुचले कोण जाणे, पण किती पटकन सुचले. त्या भाषणाचा व्हिडिओ निघाला. तुम्ही तो पाहिलात, कारण दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून अंगठ्याचं चित्र आलं.

त्या अंगठ्याचा मला राग आहे. आज तुम्ही नाही तरी आहे. तुम्ही भांडायला हवं होतं. नोंद घेऊन मासोळी जगत नाही म्हणणारा माणूस कुठे गेला होता? मी भांडकुदळ बाई आहे, माझ्याशी भांडलं की मी सुधारते, हे आईपासून सगळ्यांना माहीत आहे. गप्प राहणाऱ्या माणसाचं मी काय करू? हे लिहिते आहे आणि मलाच ऐकू येतं आहे की मी अजूनही तुमच्यावरच ढकलते आहे. तुम्ही तीनदा विचारलं होतं. त्याहून जास्त कोणी किती भांडायचं?

त्यानंतर मी एकही टॅग बांधला नाही. दुरुस्त्या होत राहिल्या, साठत राहिल्या. आरमोरीहून मावशीही विचारायची की नवं कधी येतं, मी म्हणायचे बघते. १.११ म्हणायला जीभ वळत नव्हती आणि २ म्हटलं असतं तर तुम्ही बरोबर होतात असं लिहून दिल्यासारखं झालं असतं. आकडाच ठरत नव्हता म्हणून दोन वर्षं लोक जुन्यावर चालले. माझ्या कंपनीत असं कोणी केलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं.

तुमच्या नोंदीही कमी झाल्या. दोन वर्षांत मोजून तीन. शेवटची गेल्या महिन्यातली आहे. 'धान कापणं झालं. थंडी आहे. चुकलं काढून परत पाहा असं लिवलं.' मी ती तेव्हा पाहिली, ठीक म्हणून आत घेतली, आणि दुसऱ्या कामाला लागले. काही चुकीचं भरलं की आपलं ॲप लाल अक्षरात 'चुकलं' म्हणायचं. माझाच शब्द होता तो. आता 'परत पाहा' म्हणतं. त्यानंतर दहा दिवसांनी तुमच्या छातीत कळ आली आणि मूलपर्यंतही गाडी पोचली नाही. मी जे परत पाहायला हवं होतं ते पाहायला माझ्याकडे दहा दिवस होते.

तेरवीनंतर चौथ्या दिवशी मी वहिनींना फोन केला. म्हणाले, वहिनी, नाव पुसता येतं, पण मी पुसणार नाही. भाऊंनी बांधलेला टॅग सोडू दिला नव्हता. आणि त्यांचं नाव नुसतं त्या एका जागी नाही, शेकडो चांगल्या कामांवर आहे, एक पुसायला गेले तर बाकीचीही खोटी पडतील. मग मी तेही सांगितलं. आकडा कोणी ठरवला, कोणी किती वेळा विचारलं, कोणी हसलं. इतकं अडखळत मी आयुष्यात कधी बोलले नसेन. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मंग दोन वर्सं काऊन नाई सांगतलं?"

वर लिहिलेली कारणं मी त्यांना सांगितली नाहीत, ती सांगण्यासारखी नाहीत. मग त्याच म्हणाल्या, "त्याइचं नाव नका पुसू. तुमचं बी लिवा त्याच्या बाजूले. आन येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून टेबलाशी बसले. दोन वर्षांचं साठलेलं सगळं एकत्र तपासलं, तुमचा 'परत पाहा' जागेवर आहे ना ते पाहिलं. आणि टॅग बांधला. आकडा २. पुढे टिंब नाही, काही नाही. टॅगसोबत दोन शब्द लिहायची जागा असते. तिथे मी लिहिलं की १.१० हा आकडा मारोतीभाऊंचा नव्हता, माझा होता. लोक त्याला लहान समजतील असं सांगून त्यांनी तीनदा विचारलं आणि मी ऐकलं नाही. तलावातली मासोळी त्यामुळे मेली. बांधणाऱ्याचं नाव लिहावं लागत नाही, आपोआप लागतं. अर्चना. तुमचा १.१० तिथेच आहे, जसा होता तसा, हातही लावला नाही. मी बंद केलेला तुमचा प्रश्नही पुन्हा उघडला आणि त्याखाली उत्तर लिहिलं, 'भाऊ, २.' शेवटी मी पण नोंदीत थंडी आहे असं लिहिलं. कोणी विचारलं तर विचारो.

मग दोन गाड्या बदलून तुमच्या गावी आले. मासोळी निघायचा दिवस होता. तलावाच्या बांधावरच्या शेडमध्ये सगळे होते, मोरेश्वरही होता, आणि वहिनी खालच्या पायऱ्यांवर जाळं धूत बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. तोंडाने सांगायला गेले असते तर मी ते गोड केलं असतं, माझा मलाच भरवसा नव्हता. मोरेश्वर खाली पाहत राहिला. श्रावणकाका कानाला हात लावून ऐकत होते. त्यांना किती ऐकू गेलं मला कळेना.

ते म्हणाले, "तवाच सांगतलं असतं तं त्याले लाइनीत उभं राहा नसतं लागलं."

मी मान हलवली. काकांनी काटा पुढे ओढला. तोच काटा, भाऊ. त्यांनी टोपलीतून एक कतला उचलून त्यावर ठेवली. लाल आकडे हलले आणि १.९० वर थांबले. मग ती काढून एक लहान रहू ठेवली, तिच्यावर मूठभर चिल्लर मासोळी टाकत गेले, एकेक करत, आकडा १.१० येईपर्यंत. सगळे पाहत होते. काकांनी कतला एका हातात धरली आणि मला विचारलं, "सांग बाई आता. मोठी कोनती?"

मी म्हणाले, पहिली.

त्यांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा म्हणाले, पहिली, काका. त्यांना ऐकू आलं नाही, की आलं होतं, ते मला ठाऊक नाही. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा मी इतक्या मोठ्याने ओरडले की खाली पायऱ्यांवर वहिनींचे हात जाळ्यावर थांबले आणि त्यांनी वर पाहिलं.